मोठ्या अक्षरांवरचे कुलूप

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींची जी खिडकी आहे, तिच्या आतल्या बाजूला माझे टेबल. घरातल्या संगणकाला एक मालक असतो. माझ्याजवळ पाळीपाळीने कितीतरी जण बसत, त्यामुळे मी सगळ्यांचा आणि कुणाचाच नाही. ज्याची पाळी असेल त्याने बसावे, ‘खिडकी’ हे एकच नाव आणि एकच पासवर्ड टाकावा आणि काम सुरू करावे.

कारखान्यात माझी जुळणी झाली तेव्हा मोठमोठ्या हिशेबांची स्वप्ने मी पाहिली होती. नशिबी आल्या गळक्या तोट्या आणि तुंबलेले नळ. पण खोटे कशाला बोलू, मला ते काम आवडले. माणूस त्रासून यायचा, त्याचा पत्ता माझ्या पडद्यावर उमटायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी पाणी यायचे. नवा होतो तेव्हा साहेब पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवत, “हा आमचा नवा कॉम्प्युटर!” मी फुगून बसे. पुढे माझा कळफलक पिवळा पडला, डोक्यावर चहाचे कप ठेवले जाऊ लागले आणि कौतुक आटले.

खिडकीवर सगळ्यांत जास्त वेळ बसत त्या ताई. वयाने आणि नोकरीने सर्वांत मोठ्या. खिडकीबाहेर कुणी कितीही तणतणत आला तरी त्या म्हणत, “आधी श्वास घ्या, मग पत्ता सांगा.” माणूस निम्मा तिथेच निवळायचा. दुसरा एक कारकून होता, त्याला सगळे गप्पिष्ट म्हणत. त्याच्या तोंडाला टाळे नव्हते आणि मला तर नव्हतेच. त्याने माझ्यावर भाचीचे फोटो लावले, खेळ आणून भरले, आणि एके दिवशी कुठल्याशा लग्नाचा पेन ड्राइव्ह लावून मला असा रोग जडवला की चार दिवस मी अंथरुणाला खिळलो. ती लागण साऱ्या कार्यालयात पसरली.

मग वरच्या मजल्यावर संगणकांची देखभाल करणारी एक तरुण मुलगी नेमली गेली. तिने आपल्या जागेवरून, नुसत्या तारेतून, आम्हा सर्वांसाठी नियम धाडले. पेन ड्राइव्ह बंद. खेळ बंद. चित्रे, रंग, अक्षरांचा आकार सगळे ठरलेले, कुणी बदलू म्हटले तरी बदलणार नाही. खालच्या लोकांनी तिचे नाव ठेवले कुलूपबाई. मला मात्र बरे वाटले. आजारपण ज्याने भोगले त्यालाच पथ्याची किंमत कळते.

पण सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात ना, तसे झाले. गप्पिष्टचे फोटो जाणार होते, त्याचे काही नाही. ताईंची मोठी अक्षरेही जाणार होती.

त्यांचे डोळे अधू होत चालले होते, मित्रांनो. काळ्या पडद्यावर बोराएवढी पिवळी अक्षरे केली तरच त्यांना दिसे. हे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते, कारण साहेब एकदा बोलून गेले होते, “ज्याला खिडकी झेपत नसेल त्याने तळघरात जुने कागद लावत बसावं.” तळघरात ना माणूस ना काणूस. ताईंचे घर रिकामे होते, मुलगी दूरदेशी. दिवसभराचे बोलणे काय ते या खिडकीवरचे. ती गेली असती तर त्या मिटून गेल्या असत्या.

नवे नियम संगणक बंद करून पुन्हा चालू केल्यावर लागू होतील, अशी सूचना फिरली. त्याच संध्याकाळी गप्पिष्टने माझ्या बटणावर पुठ्ठा चिकटवला आणि त्यावर लिहिले, ‘बंद करू नये.’

“तुला रे कशाला?” ताईंनी विचारले.

“भाचीचे फोटो जातील ना माझ्या,” तो म्हणाला. पण तो माझ्या पडद्यावरच्या मोठ्या अक्षरांकडे बघत होता, ताईंकडे नाही. त्याला सारे ठाऊक होते.

तेव्हापासून मला झोप नाही. रात्री दिवे मालवून सगळे घरी जात आणि मी आपला टक्क जागा. अंग तापे, काम रेंगाळे, तरी मी तग धरून होतो. वर कुलूपबाईच्या यादीत मात्र एकच संगणक नियम न घेता राहिलेला दिसत होता. एका सकाळी, खिडकीपुढे रांग असताना, तिने वरूनच मला बंद करून पुन्हा चालू केले.

मी डोळे उघडले तो अक्षरे मुंगीएवढी झालेली. रांगेत पहिले एक आजोबा होते, त्यांच्या गल्लीतली नळवाहिनी फुटली होती. ताई पडद्याला नाक लावून बसल्या, अंदाजाने यादीतला घराचा क्रमांक निवडला आणि तक्रार पुढे पाठवली. तीनचा आठ झाला. दुपारी प्लंबरने भलत्याच माणसाचे अंगण खणून ठेवले आणि आजोबांच्या दारात पाणी वाहतच राहिले.

साहेब तावातावाने खाली आले. “कुणी टाकला हा पत्ता?” माझ्यात नोंद एवढीच होती, ‘खिडकी’. साहेबांनी कुलूपबाईलाही खाली बोलावून घेतले.

“मीच टाकला असेन,” गप्पिष्ट म्हणाला. “माझं लक्ष कुठे असतं?”

चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची वेळ आली होती, आणि संन्यासीच मान पुढे करत होता. ताई उठून उभ्या राहिल्या.

“तो नाही साहेब, मी टाकला. मला नीट दिसत नाही. बरेच दिवस झाले.”

“मग तळघर आहेच,” साहेब म्हणाले. कुलूपबाईने बटणावरचा पुठ्ठा पाहिला. मग ती ताईंच्या खुर्चीत बसली आणि मान वाकवून, त्यांच्यासारखेच नाक पुढे नेऊन, बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

“मला सांगायचं ना, ताई.”

“कुणाला सांगू? तू वर, आम्ही खाली. आणि कारण विचारलं असतंस तर?”

“विचारायलाच हवं होतं मी. नियम करण्याआधीच.” ती साहेबांकडे वळली. “तळघराचं आजच ठरवू नका. एक दिवस द्या मला.”

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला स्वतःचे नाव आणि स्वतःचा पासवर्ड मिळाला. ताईंनी त्यांचा टाकला आणि माझ्या काळ्या पडद्यावर पिवळी अक्षरे उमटली, बोराएवढी. गप्पिष्टने गंमत म्हणून ती लहान करून पाहिली. होईनात!

“आता ती कुणालाच बदलता येणार नाहीत,” कुलूपबाई म्हणाली. “तुम्हालासुद्धा नाही.”

साहेब मागे उभे होते. आजोबा पुन्हा खिडकीत आले होते, चांगलेच तापलेले. ताई म्हणाल्या, “आधी श्वास घ्या.” मग त्यांचे नाव, गल्ली आणि घराचा क्रमांक त्यांनी पडद्यावरून खणखणीत वाचून दाखवला. आजोबा म्हणाले, “बरोबर.” साहेबांनी थोडा वेळ ऐकले आणि ते वर निघून गेले. तळघराचा विषय पुन्हा निघाला नाही.

मित्रांनो, आता माझे दिवस भरत आले आहेत. रोज संध्याकाळी मला नीट बंद करतात, मीही गाढ झोपतो. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हाती किल्ल्या येतील. कुलपे जरूर लावा, ती लागतातच. फक्त दार ओढून घेण्याआधी, आत कुणी राहिले तर नाही ना, म्हणून एकदा हाक मारून बघा.