हाडजोडीचं आवतन

पंचफुलानं वेलीच्या मुळाशी मूठभर तांदूळ ठेवले, वर चिमूटभर हळद टाकली. कोयता मात्र कमरेलाच राहू दिला.

"तोड ना मावशी," शेजारचा गुलाब म्हणाला. पाय मोडलेली शेळी त्यानं कवेत धरली होती. "हे बिचारी कन्हून राहिली अन् तू वेलीले जेवाले बोलावून राहिली."

"आज सांगाचं, उद्या न्याचं. न सांगता नेली तर चोरी होते, औषध नाई होत."

"उद्या कारखान्याचा भोंगा झाला का इथं बुलडोझर येते. मीच हाओ त्या गँगमधी."

"मंग भोंग्याआधी येईन."

मरोदा गावाकडच्या त्या माळावर बेहड्याचं एवढंच झाड उरलं होतं आणि त्यावर चढलेली चौधारी कांड्यांची ही एकच हाडजोड. बाकीचं रान नव्या कारखान्याच्या पायाभरणीत गेलं होतं. पंचफुला चांद्याकडची गोंडीण. हे ज्ञान तिच्या आईचं. साइटवर कोणाचं बोट मोडो की बकरीचा पाय, माणसं तिच्याच दाराशी यायची. वेल गेली की ते सारं संपणार होतं. शिकवावं असं घरात कोणी नव्हतं. तरी ती वाकली, "बाई, उद्या चाल, हाड जोडाचं हाय," एवढंच म्हणाली आणि ताठ मानेनं वस्तीकडे निघाली.

पहाटे तिनं दार उघडलं तर समोर गुलाब. अंगभर चिखल, खांद्यावर अख्खी वेल, मुळं ओल्या पोत्यात बांधलेली.

"घे. आज बुलडोझर लवकर काढून राहिले, म्हनून मी पयलेच धावलो."

पंचफुलानं हात पुढे केला नाही. पदर आवरून ती बाजूला सरली.

गुलाब तडकला. "कावून? माह्या हातची चालत नाई? मावशी, आमी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. असं सरकून उभं राह्यलेलं आता आमी खपवून घेत नाई."

"गप. बस खाली." तिनं पाटा-वरवंटा त्याच्यापुढे सरकवला. "आवतन म्या देल्लं, पर ती आली तुह्यासंगं. ज्याच्यासंगं येते त्याच्याच हातानं जोडते. माह्या मायनं हेच सांगतलं."

"मले यातलं काय येते?"

"नाई येत, म्हनूनच बस म्हनली. कांड्या ठेच. हात खाजतीन, खाजू दे."

गुलाबनं वेल खांद्यावरून उतरवली. मग त्यानं मुळाचा भाग पुन्हा लावायला नीट वेगळा ठेवला आणि बसला. त्याची बायको सत्यशीला शेळी घेऊन आली. त्यानं लेप लावला, बांबूच्या कामट्या ठेवल्या, चिंधी गुंडाळली. पहिली गाठ सैल पडली तेव्हा पंचफुलानं स्वतःचे हात मांडीखाली दाबून धरले.

"सोड. पुन्हा बांध."

त्यानं पुन्हा बांधलं.

भोंगा वाजून गेला, तरी गुलाब कामावर जायला उठला नाही. तेवढ्यात जामुलकडचा एक हमाल सुजलेलं बोट धरून दारात आला.

"मावशी, जरा पाहतं का?"

पंचफुला जागची हलली नाही. तिनं हनुवटीनं गुलाबकडे दाखवलं.

"त्याले विचार."