धुतलेला चेहरा

"खांद्यावर हात ठेवायचा, बाई. बोलायचं काही नाही," सार्जंट पेल हळूच म्हणाला.

त्या काळी आमच्या यॉर्कशरमध्ये साक्षीदारानं अशीच ओळख पटवायची. चौकीच्या अंगणात संशयावरून बोलावलेले पुरुष रांगेनं उभे होते. साक्षीदार होती एनिड. ती ऑकर्बींच्या पावाच्या दुकानात काम करायची. तिच्या डोळ्यांदेखत एका चोरानं सुऱ्याच्या मुठीनं म्हाताऱ्या ऑकर्बींचं डोकं फोडलं होतं. ते अजून बेशुद्ध होते. गेले, तर चोराला फाशी होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एनिडला आठवत होता तो चोराचा सुरा, त्याच्या मुठीवरचा टवकासुद्धा. चेहरा मात्र धुक्यात गेला होता. शेजारीण हिल्डा टोचायची, "समोर उभी होतीस, आणि आठवत नाही म्हणतेस?"

अनोळखी चेहऱ्यांपुढून जाता जाता ती थबकली. घासूनपुसून लख्ख केलेला चेहरा, रविवारची कॉलर, फिकट निळे डोळे. हे डोळे आपण पाहिलेत. तिनं हात ठेवला.

"अहो बाई, मी..."

"गप्प," पेलनं दटावलं. मग तिला म्हणाला, "इतक्या खात्रीनं हात ठेवणारं माणूस क्वचितच मिळतं."

सोमवारी कोळशाच्या गाडीवर नवाच माणूस आला.

"विल्फ आजारी आहे का रे?"

"आत टाकलाय त्याला. कुण्या बाईनं ओळखला म्हणे. अहो काकू, आंघोळ केलेला विल्फ त्याच्या आईलासुद्धा ओळखू यायचा नाही. ही कोण दिव्यदृष्टीची निघाली?"

एनिडनं दाराची चौकट धरली. वर्षानुवर्षं तो चेहरा तिच्या दाराशी येत होता, काजळीनं काळा. त्यात उघडे फक्त डोळे.

ती एप्रनवरच चौकीत धावली.

"अहो, तो आमचा कोळसेवाला. म्हणून ओळखीचा वाटला मला."

"कोळसेवाले काय चोऱ्या करत नाहीत?" पेलनं चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. "साक्षीदार मागाहून डगमगतातच, बाई. पहिला हात तोच खरा." मग त्यानं आवाज उतरवला. "ऑकर्बी आज पहाटे गेले."

चहा तसाच ठेवून ती बाहेर आली. बाकावर विल्फची बायको मांडीवर लोकरी मोज्यांचं पुडकं घेऊन बसली होती. ती एनिडला ओळखत नव्हती. अंग चोरून तिनं जागा केली.

"बसा की. तुमचंही माणूस आत आहे का?"

"हो," एनिड म्हणाली, आणि तिच्याशेजारी बसली.