तीन मिनिटांचं बटण

मला एकाच गोष्टीची भयंकर चीड आहे. माईकला टिचक्या मारून 'हॅलो, हॅलो' करणाऱ्यांची. त्या दिवशी वीजप्रकल्पाच्या सुनावणीला असे चाळीसेक जण होते. निम्मे अणुवीज हवी म्हणणारे, निम्मे सूर्य आणि वारा पुरे म्हणणारे. मी सगळ्यांचा माईकवाला. लहानपणी मला भोंग्या म्हणायचे, पुढे धंदाही भोंग्यांचाच निघाला.

सकाळपासून दोन्ही बाजू एकमेकांच्या उरावर बसत होत्या. "हजारो वर्षं तो कचरा सांभाळणार कोण?" "आणि वारा पडला की दिवे कशावर लावणार?" एका बाबतीत मात्र दोघांचं अगदी एकमत. प्रकल्प कुठलाही येवो, जागा तीच, तळ्याकाठचा माळ. दोघांच्याही नकाशात तिथे लिहिलं होतं, 'पडीक'.

पडीक म्हणे! तिथे माझ्या ताईची रोपवाटिका आहे, बावीस वर्षांची. ज्या मोठ्या झाडांच्या फांद्यांवर ती कलमं बांधते, ती झाडं उपटून दुसरीकडे लावली तर मरतात. भाऊजी गेल्यावर तिनं दोन्ही मुली त्याच झाडांच्या जिवावर वाढवल्या.

बोलायचं तर चिठ्ठी घ्यावी लागत होती. पिवळी अणुवाल्यांची, हिरवी सूर्य-वारावाल्यांची. तिसरी नव्हतीच. ताई म्हणाली, "अरे, पण मला तर दोन्ही नकोत." मी कसला शहाणा! म्हटलं, "कुठलीही घे गं. पिवळीची रांग लहान आहे. एकदा माईकसमोर उभी राहिलीस, की हवं ते बोल."

माणशी तीन मिनिटं. लाल दिवा लागला की मी बटण दाबून माईक बंद करायचा. सकाळी एकाला दहा सेकंद जास्त मिळाली, तर समोरच्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं. अध्यक्षांनी मला सगळ्यांदेखत झापलं. "पुन्हा असं झालं तर सुनावणी रद्द करीन आणि कारण म्हणून तुमचं नाव लिहीन," म्हणाले.

ताई कलमाची पिशवी छातीशी धरून वर आली. आणि गिऱ्हाईक आल्यावर जी सुरुवात करते, तीच तिनं केली. तिची सवयच ती. आधी जागेचं कौतुक, मग रोपाचं, कामाचं बोलणं सगळ्यात शेवटी.

"जमीन अशी घट्ट, की बावीस वर्षांत कुठे भेग पडली नाही. तळं एकदाही आटलं नाही. ऊन म्हणाल तर सकाळपासून सांजेपर्यंत, मध्ये कशाची आडकाठी नाही. आणि वारा तर इतका, की रोपांना काठ्या बांधाव्या लागतात."

पहिल्या रांगेतला अणुवाल्यांचा इंजिनिअर भराभर लिहून घेऊ लागला. पलीकडे सूर्य-वारावाल्यांची संशोधक बाईही. अगं ताई, मुद्द्यावर ये ना! मी तिला हातानं खूण केली. तिला वाटलं, छान बोलतेयस असं म्हणतोय. ती हसली आणि कलमाबद्दल सांगायला लागली.

"तर माझं म्हणणं एवढंच, की ही जागा..."

लाल दिवा लागला. अध्यक्ष माझ्याकडे बघत होते. मी बटण दाबलं.

तिचे ओठ काही वेळ हलत राहिले. मग तिनं माईकला दोन टिचक्या मारल्या. हॅलो म्हणाली असावी.

"ऐकलंत?" इंजिनिअर उठून म्हणाला. "घट्ट जमीन, बारमाही पाणी. जागेवरची बाईच सांगतेय."

"आणि दिवसभर ऊन, जोराचा वारा, हे कोण सांगतंय?" संशोधक बाई म्हणाली.

दोन्हीकडून टाळ्या पडल्या. कारकुनानं ताईची पिवळी चिठ्ठी अणुवाल्यांच्या गठ्ठ्यावर ठेवली. मी जाऊन अध्यक्षांना म्हटलं, "साहेब, तिचं बोलणं अर्धं राहिलं." ते म्हणाले, "सगळ्यांचंच राहतं हो." निदान चिठ्ठी तरी बदला म्हटलं, तर कारकून म्हणाला, तशी सोय नाही.

संध्याकाळी मी वायरी गुंडाळत होतो. ताई टेम्पोत पुढे बसून माझी वाट पाहत होती, कलमाची पिशवी मांडीवर घेऊन.

"भोंग्या, तो माईक आपोआप बंद होतो ना रे?"

"हो," मी म्हटलं.

"तेच तर! शेजारची म्हणत होती, तुझ्या भावानंच बंद केला. असली खडसावलीय मी तिला."