माशाचं तोंड माझ्याकडे

सासरी पहिली तीन वर्षं मला कुणी एक कपही विसळू दिला नाही. हे वाचून कुणाला माझा हेवा वाटला असेल, तर त्यांनी जरा थांबावं.

मी बेरिल, सासरच्यांच्या तोंडी बेइ. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, मेंढ्यांच्या मुलखात वाढले. ल्वान चिंगथांग आमच्याकडे इंजिनांचा अभ्यास करायला आला, मी त्याच्याशी लग्न केलं आणि १९८१ साली त्याच्यामागोमाग चीनच्या शानतुंग प्रांतात, वेइफांगला आले. तो डिझेल इंजिनांच्या कारखान्यात, मी कारखान्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायला, आणि आमची खोली कारखान्याच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. आता मी शहात्तर वर्षांची आहे. चिंगथांग गेला, कारखान्याने ती इमारतही पाडली. पण चौऱ्याऐंशी सालच्या चिनी नववर्षाचा, म्हणजे फेब्रुवारीतला, तिसरा दिवस मला कालच्यासारखा आठवतो. अंगणात फटाक्यांच्या लाल कागदांचा सडा आणि घरभर कोळशाचा वास.

सासर बसने दोन तासांवर, खेड्यात. तिथे पाहुणे आले की सुना टेबलावर बसत नसत. त्यांनी रांधायचं, वाढायचं आणि पुरुषांचं उरकलं की चुलीपुढे बुटक्या स्टुलांवर बसून उरलंसुरलं खायचं. मी मात्र टेबलावर. तेही दाराकडे तोंड असलेल्या मानाच्या खुर्चीत. ती खुर्ची माझ्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची, म्हणजे ऐंशी वर्षांच्या चुलतकाकांची होती. मी आल्यावर त्यांना दाराजवळच्या बाकावर सरकवलं. मी परदेशी ना! परदेशी माणूस बाईही नसतो आणि पुरुषही नसतो, तो पाहुणा असतो. माझ्यासाठी सासूबाईंनी ॲल्युमिनियमचा एक काटाही आणून ठेवला होता. तो माझ्याशिवाय कुणी वापरत नसे, आणि मीही वापरत नसे.

त्या वर्षी मला दिवस गेले होते. तिसरा महिना. ठाऊक होतं फक्त चिंगथांगला. माझी आई मी एकोणीस वर्षांची असतानाच वारली. आमच्या इमारतीत कुणीही बाळंत झाली की तिची सासू गावाहून अंडी आणि राळे घेऊन यायची आणि सुनेला महिनाभर अंथरुणातून हलू द्यायची नाही. जिन्यात तो राळ्याच्या पेजेचा वास आला की मला भरून यायचं. माझ्या सासूनेही यावं, एवढंच मला हवं होतं.

"आईंना विचार ना," मी चिंगथांगला म्हटलं.

"ती म्हणेल, परदेशी बायका दुसऱ्या दिवशी उठून थंड पाणी पितात. त्यांना कशाला हवा महिना?"

"तू विचारलंस?"

"नाही. पण ती असंच म्हणेल."

नवरा चांगला होता माझा. आईसमोर फक्त त्याचा आवाज बसायचा.

मग मी ठरवलं की यंदा स्वयंपाकघरात शिरायचंच. पाहुणीचं बाळंतपण कोण करतं? सुनेचं करतात.

सकाळीच बाह्या वर करून मी आत गेले. मोठ्या जाऊबाई, त्स्वेइलान, कणीक मळत होत्या. दोन मुलींची आई, हात लोखंडाचे, जीभ त्याहून.

"अगंबाई, इथे कुठे! धुराने निळे डोळे काळे होतील. मग तुम्हाला कोण विचारणार?"

"जा बाई, बसा तिकडे," सासूबाई म्हणाल्या. "शेंगदाणे घ्या, सूर्यफुलाच्या बिया घ्या."

मी ऐकलं नाही. दोन महिने इमारतीतल्या बायकांकडून मी ज्याओत्स, म्हणजे नववर्षाच्या उकडलेल्या करंज्या, भरायला शिकले होते. एक पारी घेतली, सारण घातलं, कडा चिमटल्या. जाऊबाईंनी तो तळहातावर घेतला आणि दारापर्यंत जाऊन सगळ्यांना दाखवला.

"बघा, बघा, परदेशी ज्याओत्स! याला तर कान फुटलेत." मग तो बशीत वेगळा ठेवला. "हा उकडायचा नाही, जपून ठेवायचा."

अकराच्या सुमाराला थोरले दीर आले. ते गावचे कारभारी. गावच्या विहिरीवर विजेचा पंप बसावा म्हणून तालुक्याच्या त्सुई साहेबांना जेवायला बोलावलं होतं. शेजारच्या गावाकडे ट्रॅक्टर होता, आमच्या गावाकडे मी होते.

"बेइ बाई, चला चला, साहेब वाट बघतायत!"

गेले. बसले. साहेबांनी विचारलं, "यांना चॉपस्टिक्स धरता येतात?"

तीन वर्षं मी दुसरं काही धरलं नव्हतं. एक शेंगदाणा उचलून दाखवला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

"तुमच्याकडे माणसामागे किती मेंढ्या?"

"वीसेक असतील."

"वीस! आणि त्या सोडून तुम्ही आमच्या चिंगथांगसाठी आलात?" साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. चिंगथांगही हसला. त्याच्या हसण्याचा अर्थ मला आजवर कळलेला नाही.

मग मासा आला. जाऊबाईंनी थाळी मधोमध ठेवली आणि दिरांनी ती फिरवून माशाचं तोंड माझ्याकडे केलं. आमच्या भागात तोंड ज्याच्याकडे त्याने तीन पेले प्यायचे, शेपूट ज्याच्याकडे त्याने चार. तोंडवाला प्यायल्याशिवाय माशाला कुणी हात लावत नाही. पेल्यात ज्वारीची दारू, वास घेतला तरी कान तापावेत अशी. मागच्या दोन्ही वर्षी मी तिन्ही पेले रिकामे केले होते, म्हणून तर पंचक्रोशीत माझं नाव होतं. शेपूट साहेबांकडे होतं. ते पेला घेऊन उभेच राहिले.

मी चिंगथांगकडे पाहिलं. तो छताच्या वाशांकडे बघत होता.

"तिची तब्येत जरा..." तो कसाबसा म्हणाला.

"अरे, तब्येतीवर याच्यासारखं औषध नाही!" साहेब म्हणाले.

तीन महिने भरल्याशिवाय दिवस गेल्याचं कुणाला सांगायचं नाही, हा नियम त्यांच्याकडेही आहे आणि आमच्याकडेही. शिवाय सांगितलं असतं तर पेल्यात चहा ओतून मला तिथेच बसवलं असतं, आणखी एक गादी खाली घालून. मासा निवत होता. दिरांच्या कपाळावर घाम आला होता.

मी उठले.

"त्सुई साहेब, माफ करा. या घरात तीन वर्षं एक चूक होतेय. इथे सुना पाहुण्यांच्या पंगतीला बसत नाहीत. मी या घरची धाकटी सून आहे. बाहेर कळलं तर लोक म्हणतील, ल्वानांच्या धाकटीला वळण नाही."

मी थाळी फिरवली. माशाचं तोंड चुलतकाकांकडे आलं. त्यांनी कुणाच्या हो-नाहीची वाट बघितली नाही. तीन वर्षांची तहान होती. पहिला, दुसरा, तिसरा पेला घशाखाली गेला आणि त्यांनी माशाचा गाल चॉपस्टिकने अलगद काढून तोंडात टाकला. मी माझी वाटी उचलली आणि आत गेले.

आत सगळं ऐकू गेलं होतं.

"झालं समाधान?" जाऊबाई म्हणाल्या. "पंप गेला विहिरीत!"

पाठोपाठ सासूबाई हातात झारा घेऊन पुढे आल्या. मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं.

"अक्कल गहाण टाकलीस का? भरल्या पंगतीतून उठून आलीस! नाक कापलंस माझ्या लेकाचं! तीन पेले प्यायला काय जात होतं तुझं?"

"आई, मला तिसरा महिना आहे."

झाऱ्यावरून तेल ठिबकत राहिलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे.

"आणि पातळ बूट घालून गार फरशीवर उभी आहे! बूड टेक आधी. मूर्ख! दिवस कधी भरतात?"

"ऑगस्टमध्ये."

"ऑगस्टमध्ये!" त्या जाऊबाईंवर ओरडल्या, जणू तो जाऊबाईंचाच दोष. "उन्हाळ्यात अंडी टिकतात का? राळे तरी आत्तापासून बाजूला काढून ठेव."

माझा जीव भांड्यात पडला. जाऊबाईंनी खरकट्या वाट्यांची बादली माझ्यापुढे सरकवली.

"बसलीच आहेस तर ह्या धू. पाणी गरम आहे."

त्या दिवसापासून सासूबाई जाईपर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षं, त्या घरातल्या प्रत्येक सणाची भांडी मी घासली आणि गार मासा खाल्ला. मानाची खुर्ची सोडून मोरी मिळवायला भांडलेली बाई माझ्याशिवाय कुणी असेल असं वाटत नाही. पंप मे महिन्यात बसला. चुलतकाकांनी शेपटीचे चारही पिऊन दाखवले म्हणून साहेब खूश झाले, असं दीर सांगत.

ऑगस्टमध्ये मुलगी झाली. सासूबाई आल्या, टोपलीभर अंडी आणि पोतंभर राळे घेऊन. भर उकाड्यात त्यांनी खिडक्या बंद केल्या, मला लोकरी मोजे घातले, डोक्यावर फडकं बांधलं. केस धुवायचे नाहीत, वाचायचं नाही, दिवसातून पाच वेळा पेज. मी घामाने निथळत पडून असे आणि मनातून इतकी सुखी होते की ते आज सांगायलाही लाज वाटते.

बाराव्या दिवशी सकाळी त्यांनी गाठोडं बांधलं.

"आई, महिना तीस दिवसांचा असतो ना?"

"मुलाचा तीस. मुलीला बारा पुरेत. शेतात मका उभा आहे." बाळाच्या गालाला बोट लावून त्या निघाल्या. बोलण्यात कसलाही राग नव्हता. घरच्या कुठल्याही सुनेला हेच सांगितलं असतं. चिंगथांग त्यांना बसपर्यंत सोडायला गेला आणि येताना माझ्यासाठी कलिंगड घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. जाऊबाई. काखेत जिवंत कोंबडी.

"बाराव्या दिवशी गेली ना?" त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा माझंही तेच. तेराव्या दिवशी मी शेतात होते."

"मग तुमच्याकडे कोण आलं होतं?"

"कोण येणार?" त्यांनी कोंबडी कपडे धुण्याच्या टबात घातली आणि वर पाटी ठेवली. "अठरा दिवस राहिलेत. उठू नकोस. घरी सांगून आलेय, मका ज्याचा त्याने बघा."

खोलीभर नजर फिरवून त्यांनी नाक मुरडलं, दोन्ही खिडक्या सताड उघडल्या आणि माझ्या डोक्यावरचं फडकं सोडलं.

"शी! मेंढीसारखा वास येतोय. पाणी किती गरम करू?"