न झालेली भेट

विद्यापीठातल्या मुलांनीच चालवलेलं ते सेवामंडळ. एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे आठवड्यातून एकदा जायचं, बोलत बसायचं आणि परत येऊन वहीत ‘भेट झाली’ असं लिहायचं. जमलं नाही तर रकाना कोरा सोडायचा. मग दुसरं कुणीतरी जाई. साधा नियम! पण कोरा रकाना म्हणजे कामचुकारपणा, असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

म्हणून परीक्षेच्या धास्तीत मंडळाच्या चिटणीस मुलीनं त्या मंगळवारी शिंपी आजोबांकडे न जाताच लिहून टाकलं, ‘भेट झाली. तब्येत ठीक.’ आजोबा काय, पुढच्या आठवड्यातही तिथंच असणार होते!

आजोबा त्याच सकाळी न्हाणीघरात पडले होते. गुरुवारी शेजाऱ्यांनी दार फोडलं, शनिवारी दवाखान्यात त्यांनी प्राण सोडला. पडल्या जागेवरून ते बादली आपटत होते म्हणे. हे कानावर आल्यापासून मुलीच्या डोक्यातली ठकठक थांबेना. वर्गात बाक सरकला तरी ती दचके.

शोकसभेत अध्यक्ष म्हणाला, “आमच्या चिटणीसबाईंनी शेवटपर्यंत आजोबांची विचारपूस केली.” सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तेवढ्यात आजोबांच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त नर्समावशी उठल्या.

“चुकलं ते माझं. बुधवारी वरून ठकठक ऐकू आली. तुमच्या कचेरीत फोन केला, तर मुलगा वही बघून म्हणाला, कालच भेट झालीय, तब्येत ठीक आहे. मला वाटलं, काही ठोकाठोकी चालली असेल. चौदा पायऱ्या हो फक्त! मी चढले नाही.”

आपलं पाप ही बाई डोक्यावर घेऊन फिरतेय! मुलीला राहवेना.

“मावशी, तुमचं काही चुकलं नाही. मी गेलेच नव्हते. मी खोटं लिहिलं!”

मावशी तिच्याजवळ आल्या.

“पोरी, कोरं सोडलं असतंस तर मी धावत वर गेले असते गं! वॉर्डात औषध द्यायचं राहिलं, तर राहिलं म्हणून सांगायचो आम्ही. ते निस्तरता येतं. दिलं म्हणून लिहिलं, की पुढचा माणूस बघतच नाही.”

“मला माफ करा, मावशी.”

“मी कशी करू? ज्यांनी करायची ते गेले.” त्यांनी डोळे पुसले. “पण मीही एकटीच असते. मंगळवारी ये. नाही जमलं तर तसं कळव. मला खोटं ऐकवू नकोस.”

मंगळवारी ती गेली. वरच्या रिकाम्या घरातून तिला ठकठक ऐकू येत होती. मावशींनाही येत असावी, कारण दोघी बोलता बोलता थांबत होत्या.

वाचकहो, आपल्या हातून राहिलेलं काम दुसरा कुणी पुरं करू शकतो. पण न केलेलं काम केलं म्हणून सांगितलं, की मदतीला निघालेला माणूसही आपण वाटेतून परत पाठवतो. ‘माझ्याकडून राहिलं’ एवढं वेळेवर सांगा. तेवढ्यानंही एखाद्याचा जीव वाचतो!