दोरीवरचं बोट

धक्क्यावर त्याला सगळे वैद्य म्हणत. औषधातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. सर्दी झाली तरी तो बायकोला विचारून शिंकायचा. पण नाडी बघावी तशी तो गळाची दोरी बघायचा. दोरी उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर टेकवायची, डोळे अर्धे मिटायचे आणि तळाशी काय चाललंय ते सांगायचं. इथे दगड आहेत. इथे गाळ आहे. हा लहान आहे, नुसता चाखतोय, जाऊ दे. आणि हा, असं म्हणेपर्यंत हाताचा हिसका बसून मासा गळाला लागलेला असायचा. खोल पाण्यातला मोठा मासा आमिष ओढत नाही, ओठ लावून सोडून देतो. तो ओठ ज्याला कळला त्याचाच मासा. बाकीच्यांना कळायचा तोवर गळ रिकामा झालेला असायचा, म्हणून बाकीचे निमूटपणे जाळी टाकत आणि वैद्याची होडी परत आली की तोंडात बोट घालून बघत.

होडीत मागे, वल्ह्यांवर, त्याचा साडू असायचा. वैद्याच्या धाकट्या मेहुणीचा नवरा. मूळचा सुतार, पण ज्या दुकानात लागला तिथे हातापेक्षा तोंड जास्त चालवलं, म्हणून कुठेच टिकला नाही. शेवटी दोघी बहिणींनी आपसात ठरवलं आणि वैद्याने त्याला होडीत घेतलं. तेव्हापासून अख्खा धक्का त्याला साडूच म्हणू लागला, जणू तो सगळ्यांचाच साडू. त्याला वाईट वाटत नसे. वैद्याला पाठचा भाऊ नव्हता, आणि दिवसभर पाण्यावर दोघंच असल्यावर माणूस एकतर जिवावर उठतो नाहीतर जीव लावतो. वैद्याने जीव लावला.

मागच्या हंगामाच्या तोंडाला वैद्याच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट. करंगळी मात्र ठणठणीत, जशी काही ती दुसऱ्याच कुणाच्या हाताची. आधी झोपेत यायच्या, मग दोरी धरून बसलं की यायच्या, आणि मग मुंग्या जाऊन नुसता बधिरपणा उरायला लागला. बोटावर जाड मोजा चढवावा तसं. तळाचा गाळ आणि तळाचे दगड त्याला सारखेच लागू लागले. वैद्य घाबरला. त्याने बायकोला सांगितलं नाही. साडूला सांगितलं, तेही किनारा पुसट झाल्यावर.

"कुणाजवळ बोललास तर याद राख."

"दादा, माझ्या पोटातली गोष्ट बाहेर येते का कधी?"

वैद्याला तशातही हसू आलं. साडूच्या पोटात गोष्ट जायची वेळच येत नसे, ती ओठावरूनच परत फिरायची. पण ही त्याने ठेवली, हे मान्य केलं पाहिजे. ही आणि आणखी एक.

डॉक्टरबाईंचा दवाखाना बर्फाच्या कारखान्यासमोर होता. तिथल्या बाकावर बसलेला माणूस बर्फाला आलेल्या प्रत्येकाला दिसायचा. वैद्यच डॉक्टरकडे गेला म्हटल्यावर लोकांनी हसून हसून पोट धरलं असतं, आणि हसणं संपल्यावर विचारलं असतं, कुठला हात? ते विचारणं वैद्याला नको होतं. म्हणून त्याने असली युक्ती काढली की जी त्या धक्क्यावरच सुचू शकते. "तू जा," तो साडूला म्हणाला. "तुझाच हात म्हणून सांग. काय काय होतं ते सगळं तुला पाठ आहे."

साडूने होडीत तालीम केली. कण्हणं जरा जास्त झालं तेव्हा वैद्याने ते कमी करायला लावलं. मग साडू गेला, आणि परत आला तो निम्मा डॉक्टर होऊनच.

"मनगटातून एक नस जाते, दादा. बोगद्यातून जावी तशी. बोगदा सुजला की नस चेपते. मनगट वाकवायचं नाही. दोरी ओढताना कोपरापासून ओढायची. मूठ घट्ट आवळायची नाही. मधूनमधून हात खाली सोडून झटकायचा, ताप मोजायच्या काचेच्या नळीला झटकतात तसा. गरम पाण्यात बोटं बुडवायची. आणि मनगटाला पट्टी."

"आणि?"

"आणि काय, सांभाळून करा म्हणाल्या."

पट्टी साडूने स्वतः बनवली. फळांच्या खोक्याची फळी कापली, कडा काचकागदाने घासून इतक्या गुळगुळीत केल्या की बाळाच्या अंगाला लावाव्यात. आत जुन्या दुलईचा कापूस घातला. वैद्याच्या बाहीखाली ती दिसायची नाही. दोरीच्या रिळाच्या मुठीवर कापड गुंडाळून ती जाड केली, म्हणजे आवळावं लागू नये. रोज पहाटे घरून थर्मास भरून गरम पाणी आणायचा. होडी थांबली की मगात ओतून, त्यात थोडं गार पाणी घालून, स्वतःचं बोट बुडवून बघायचा आणि मगच पुढे करायचा. मगाचं तोंड अरुंद होतं. वैद्य अंगठा आणि दोन बोटं आत सोडून बसे, करंगळी बाहेरच राही. हात झटकायचा असला की साडू मोठ्याने माश्यांना शिव्या द्यायचा, म्हणजे शेजारच्या होडीतून बघणाऱ्याला वाटावं की वैद्य माश्या हाकलतोय.

सुरुवातीला बरं वाटलं. झटकलं की बोटांत जीव यायचा, घटकाभर टिकायचा. मग घटका लहान लहान होत गेली, आणि एक दिवस कितीही झटकलं तरी बोट जागं झालं नाही.

तेव्हा तोडगाही साडूनेच काढला. दोरी वैद्याच्या बोटावरून नुसती जाऊ द्यायची, आणि मागे रिळाशी साडूने तिला आपलं बोट लावून ठेवायचं. माशाने ओठ लावला की साडूने टाच फळीवर ठोकायची. ठोका पडला की वैद्याने हिसका द्यायचा. हिसका अजून वैद्याचाच होता. तो खांद्यातून यायचा, आणि तो साडूला सात जन्मांत जमला नसता. मासे येत राहिले. धक्का कौतुक करत राहिला. वैद्य घरी येऊन गप्प जेवायचा. चोरी पकडली जात नाही म्हणून ती गोड लागते असं नाही. पण साडू आहे, निभावतोय, हात बरा होईल, असं तो स्वतःला सांगायचा आणि त्यावर मान टाकून झोपायचा.

एका पहाटे साडू कुणाच्या तरी घरातल्या भांडणाची गोष्ट रंगवून सांगत होता. सांगता सांगता त्याने मगात पाणी ओतलं आणि गार पाणी घालायचं विसरला. वैद्याने बोटं सोडली. गोष्ट चांगली होती, तो ऐकत बसला. साडू मधेच थांबला. मगातून वाफ येत होती.

"दादा, हात काढा."

"का रे? पुढे काय झालं?"

"आधी काढा."

वैद्याने बोटं वर घेतली. ती लालबुंद झाली होती. तो त्यांच्याकडे बघत राहिला, आणि साडू दुसरीकडे.

दुपारी ताटावर बसल्यावर बायकोने फोड पाहिले. कसं झालं, कधी झालं, दुखत नाही का, असं एकामागून एक विचारलं. "दुखत नाही," हे वैद्याच्या तोंडून निघून गेलं आणि ती हातातलं सगळं टाकून उठली. "चला. धक्का हसू दे नाहीतर रडू दे." बर्फवाल्यांसमोरून तिने त्याला दंडाला धरून नेलं. कुणी हसलं नाही. एकाने तर रामराम केला. दीड वर्ष ज्याला भ्यायलो ते एवढंच होतं, हे वैद्याला बाकावर बसल्या बसल्या कळलं.

डॉक्टरबाईंनी मलम लावलं, टाचणीने एकेक बोट टोचून पाहिलं. वैद्य खिडकीकडे बघत होता; टाचणी करंगळीला लागली तेव्हा कुठे दचकला. मग बाईंनी त्याचे दोन्ही तळवे शेजारी शेजारी ठेवले. डाव्या अंगठ्याखाली मांसाचा उंचवटा होता. उजव्या अंगठ्याखाली खळगा होता.

"तुमचे साडू येऊन गेले होते ना?" बाई म्हणाल्या. "माझाच हात म्हणून सांगत होते. टाचणी लावली तर प्रत्येक बोटाला उडी. म्हटलं, खरं सांगा कुणाचा हात आहे. तेव्हा म्हणाले, माझ्या साडूंचा, ते लाजतात. मी त्यांना बजावून सांगितलं होतं. पट्टी, गरम पाणी, झटकणं हे सगळं तात्पुरतं. खरा उपाय एकच, दोन-अडीच महिने दोरी खाली ठेवायची. पूर्ण बरा झाला असता हात. आणि ठेवली नाही तर नस मरेल, ती परत यायची नाही, हेही सांगितलं होतं. त्यांनी सांगितलं नाही का तुम्हाला?"

बायको वैद्याकडे बघत होती. परक्या बाईसमोर घरच्या माणसाची लाज काढणं वैद्याला जमेना.

"सांगितलं होतं," तो म्हणाला. "मीच ऐकलं नाही."

बाईंनी मान हलवली. शस्त्रक्रिया करता येईल, पकड थोडी सुधारेल, म्हणाल्या. स्पर्शाचं विचारलं तेव्हा त्यांनी टाचणी डबीत ठेवली आणि डबीचं झाकण लावलं.

त्या संध्याकाळी वैद्य पट्टी मांडीवर घेऊन बसला. पट्टी वरवरची, कशीतरी ठोकलेली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. मग त्याला साडूचा सरळ राग करता आला असता. पण कडा गुळगुळीत होत्या. काचकागद घासताना, कापूस भरताना, रोज पाण्यात बोट बुडवून बघताना त्या माणसाला माहीत होतं. एवढी माया करत करत त्याने केसाने गळा कापला होता. वैद्याला आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

सकाळी पट्टी बांधून तो नेहमीसारखा होडीत बसला. बायको नको म्हणत होती. किनारा पुसट होईपर्यंत साडूने एकही गोष्ट रंगवली नाही; काल वैद्य दवाखान्यात गेल्याचं त्याच्या कानावर आलं असणार. दोरी पाण्यात गेली. साडूने थर्मास उघडला.

"राहू दे," वैद्य म्हणाला. "बाई काय म्हणाल्या होत्या ते परत सांग."

"सांगितलंय ना दादा. मनगट सरळ ठेवायचं. झटकायचं. गरम पाणी..."

"आणि?"

"आणि सांभाळून..."

"मी काल तिथे जाऊन आलो."

साडूने थर्मासचं झाकण लावलं. ते नीट बसेना, म्हणून पुन्हा काढून लावलं.

"हंगाम तोंडावर होता," तो म्हणाला. "म्हटलं हंगाम संपला की सांगू. संपला तेव्हा तुम्ही विचारलंत, एवढे दिवस का गप्प बसलास, तर काय सांगणार? मग दुसरा हंगाम आला."

"दोन महिने. नुसते दोन महिने रे."

"दोन महिने मी कुठे गेलो असतो? मला कोण घेतं होडीत? धक्क्यावर मला माझं नाव तरी आहे का? तुम्ही वैद्य म्हणून मी साडू. तुम्ही घरी बसलात तर मी कोण?" त्याने थर्मास खाली ठेवून दोरीवर बोट टेकवलं. "मला वाटलं पट्टीने भागेल. खरंच वाटलं, दादा. मी चांगली बनवली होती."

"चांगली बनवली होतीस," वैद्य म्हणाला. "मी माझा हात तुझ्याबरोबर पाठवला होता. तू मला अर्धाच परत आणून दिलास. मला विचारायचंस तरी. तुझ्यासाठी मी कदाचित हात दिलाही असता. पण तू विचारलं नाहीस."

साडू रडत होता की नाही ते वैद्याने पाहिलं नाही. तेवढ्यात मागे फळीवर टाच ठोकली गेली. साडूने ठोकायचं ठरवलं नव्हतं, ती सवयीने ठोकली गेली. आणि वैद्याचा खांदाही सवयीनेच उसळला. मासा असा लागला की होडी कलली. एकट्याचं काम नव्हतं. दोघांनी मिळून ओढला, एकमेकांकडे न बघता, आणि वर आला तेव्हा तो मधल्या फळीवर मावेना.

धक्क्यावर ही झुंबड उडाली. असला मासा कित्येक हंगामांत कुणी पाहिला नव्हता. "वैद्य, बोट म्हणजे बोट तुमचं," जाळीवाल्यांतला सगळ्यात म्हातारा म्हणाला.

"बोट त्याचं होतं," वैद्य सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मला काही कळलं नाही. मला वर्षभर काहीच कळत नाही. ओळखतो तो, मी नुसता ओढतो."

धक्का खो खो हसला. एवढा मोठा माणूस आणि किती साधेपणा, असं कुणीतरी म्हणालं. साडूची पाठ थोपटली गेली. साडू पुढे आला, त्याने वैद्याचा उजवा हात धरला आणि सगळ्यांना दाखवायला उंच केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

वैद्याने वर पाहिलं. साडूने त्याची बोटं मुठीत धरली होती आणि तो ती दाबत होता. थांबत होता, पुन्हा दाबत होता. त्याची नखं पांढरी पडली होती. क्षमा मागत होता, की गप्प राहा म्हणत होता, की उद्या पहाटे येऊ ना म्हणून विचारत होता, ते त्या दाबण्यात असणार. वैद्याला ते दाबणं नुसतं दिसत होतं. बोटांपर्यंत त्यातलं काहीच पोचलं नाही.

त्याने डाव्या हाताने साडूची बोटं सोडवली, बाहीखालची पट्टी काढून होडीच्या फळीवर ठेवली आणि तो घराकडे चालू लागला.