सलोनीचा कोरा चौकोन

सलोनीचा चौकोन पाहिला आणि विनताताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मदन महल वस्तीतल्या मराठी मंडळात दिवाळीची रांगोळी स्पर्धा, हॉलभर बावीस चौकोन आखलेले. एकवीस जणींनी मोर काढले, कमळं काढली, एकीने तर अख्खा भेडाघाटचा धबधबा ओतला. आणि या बयेने काय करावं? चौकोनभर नुसती पांढरी रांगोळी पसरून ठेवली. ना ठिपका, ना रेघ, ना रंग. वर पुठ्ठ्यावर नाव लिहिलं, ‘अपूर्ण’.

अपूर्ण म्हणे! अहो, पोळी लाटायचीच नाही, कणकेचा गोळा ताटात ठेवायचा आणि म्हणायचं, ही माझी कल्पना आहे. जेवणाऱ्याने काय टाळ्या वाजवायच्या?

बरं, पोरगी परकी असती तर सोडून दिलं असतं. सलोनी इथल्याच गढा वस्तीतली, सात वर्षांची असताना विनताताईंच्याच अंगणात ठिपके मोजायला शिकलेली. चिमटीतून रांगोळी कशी सोडायची, हे तिचं बोट धरून त्यांनी शिकवलं होतं. मग ती बडोद्याला कला शिकायला गेली आणि हे वारं डोक्यात भरून आली. मागे तिने फोनवर कुठल्याशा प्रदर्शनाचे फोटो दाखवले होते. फाडलेल्या साड्यांचा ढीग, आणि भोवती माणसं हाताची घडी घालून गंभीर उभी. लोकांना चिडवलं की झाली कला, असं कुठे असतं का, असं विनताताईंनी तेव्हाच सुनावलं होतं.

खरं सांगायचं तर त्या दिवशी त्या घरूनच धुमसत आल्या होत्या. तीस वर्षं या स्पर्धेच्या त्या परीक्षक. रांगोळी कितीही सुरेख असो, तिच्यावर हळदकुंकवाची चिमूट वाहिल्याशिवाय ती पुरी होत नाही, आणि मंडळात ती चिमूट परीक्षकबाईच वाहायच्या. गेल्या फाल्गुनात त्यांचे यजमान श्रीकांतराव गेले. आठ दिवसांपूर्वी मंडळाचे सचिव नीलकंठराव यांचा फोन आला. गुण तुम्हीच द्या ताई, तेवढं हळदकुंकवाचं यंदा श्रद्धावहिनी करतील, लोकं बोलून राहिले. विनताताई ‘बरं’ म्हणाल्या. ते ‘बरं’ आठ दिवस त्यांना पचलं नव्हतं. पत्रिकेवर श्रद्धावहिनींचं नाव छापून घरोघर गेलं, सगळ्यांनी वाचलं, आणि एकीनेही तोंड उघडलं नाही.

तेव्हा खोड काढायचीच, म्हणून त्या सलोनीच्या चौकोनापाशी वाकल्या. कुठे फरशी दिसते का पाहिलं. दिसली नाही. कुठे जाड-पातळ थर नाही, बोटाचा ठसा नाही, कडा सुतात. एवढा हात असून पोरीने मोर काढू नये, याचा त्यांना आणखीच संताप आला.

तेवढ्यात श्रद्धावहिनी तबक घेऊन शेवटच्या चौकोनाशी आल्या. एकवीस रांगोळ्यांवर चिमूट वाहून झाली होती. त्या वाकल्या, आणि सलोनीने मध्ये हात धरला.

“काकू, यावर नको. यावर विनताकाकूच वाहतील. नाही तर असंच राहू द्या.”

नीलकंठराव धावत आले. बक्षीस द्यायला बोलावलेले पाहुणे फाटकाशी आले, हा काय तमाशा लावला, ये कोई कला है क्या, असं बरंच बोलले. कोणाला तरी केरसुणी आणायला पिटाळलं आणि विनताताईंकडे वळून म्हणाले की परीक्षक तुम्ही आहात, बाद करा हिला, म्हणजे झाडून टाकता येईल.

विनताताई त्या पांढऱ्या चौकोनाकडे पाहत राहिल्या. काय नव्हतं त्यात, ते आता लख्ख दिसत होतं. तासभर पोरीवर काढलेला राग तिच्यावरचा नव्हताच. पण आपलं दुःख असं चव्हाट्यावर मांडलेलंही त्यांना झोंबलं.

“मला विचारलं काहून नाही?”

“विचारलं असतं तर तुम्ही नको म्हटलं असतं, काकू.”

खरंच म्हटलं असतं. त्याचाच त्यांना सगळ्यांत जास्त राग आला. एकवीस मोर-कमळांपुढून त्या सकाळपासून हिंडल्या होत्या, छान छान म्हणत गुण देत. एकानेही त्यांना एवढं छळलं नव्हतं.

त्यांनी हात पुढे केला. श्रद्धावहिनींनी नीलकंठरावांकडे पाहिलंसुद्धा नाही, तबक सरळ पुढे धरलं. विनताताई गुडघ्यांवर हात टेकत खाली बसल्या आणि चौकोनाच्या मधोमध हळद वाहिली, मग कुंकू. पांढऱ्यावर दोन ठिपके उमटले.

केरसुणी आली होती. विनताताईंनी ती घेऊन नीलकंठरावांपुढे धरली.

“माझं कुंकू एकदा पुसलं गेलंय. हे पुसायचं असेल तर तुमच्या हाताने पुसा.”

नीलकंठरावांचे हात खिशातच राहिले.

विनताताईंनी केरसुणी भिंतीला टेकवली आणि गुणांचा कागद काढला. सलोनीच्या नावापुढे रेषेला शून्य लिहिलं, कारण रेष नव्हती. सफाईला पैकीच्या पैकी. कल्पनेच्या रकान्यात पेन थोडं थांबलं, तिथेही पैकीच्या पैकी लिहिले. मग तबक उचलून त्या पहिल्या चौकोनाकडे निघाल्या. अजून एकवीस रांगोळ्यांवर त्यांच्या हातची चिमूट राहिली होती.